बैठक आणि उठाव

गेल्या वैशाखात एका आप्ताच्या घरच्या मुंजीस जाण्याचा योग आला, आणि तेथील पंगतीत मठ्ठ्याची दुसरी वाटी रिचवून व यजमानांच्या ‘सावकाश होऊ द्या’ या आर्जवास मान देऊन, जरुरीपेक्षा अंमळ जास्तच सावकाश जेवण झाल्यावर पाटावरून उठण्याची वेळ आली, तेव्हा मला असे आढळून आले की मला उठता येत नाही. उजव्या हाताचे गृहस्थ उठले, डाव्या हाताचे उठले; समोरच्या ओळीत बसलेले, माझ्याहून निदान दहा वर्षांनी वडील असे एक भिक्षुक तर भुईला बोटही न टेकता सरळ उभे राहून आचवावयास निघूनसुद्धा गेले; आणि मी मात्र, रांगोळीच्या महिरपीत बसवलेल्या मूर्तीप्रमाणे, उष्टे पान पुढ्यात घेऊन बसलेलाच. प्रारंभी मी विडा शोधण्याचे निमित्त केले. मग शेजारच्या पाटावर कोणाचे तरी उपरणे राहिले आहे असे मोठ्याने म्हणून दाखवले. परंतु उष्टी काढणारी मंडळी माझ्या पाटापाशी येऊन थबकली तेव्हा निमित्ते संपली. अखेरीस दोन तरुणांनी माझ्या बगलांत हात घालून, अनंत चतुर्दशीस पाटावरचा गणपती उचलावा तसा मला उचलला, आणि मागून कोणीतरी ‘मोरया’ असे म्हणालेदेखील. ते कोण म्हणाले, याचा तपास अद्याप लागलेला नाही.

मी मामलेदार कचेरीत 33 वर्षे नोकरी केली, आणि उमेदवार कारकुनापासून अव्वल कारकुनापर्यंतची मजल बसल्या जागी मारली. त्या मुदतीत कित्येक मामलेदार आले व गेले, छपराची कौले जाऊन पत्रे आले, दौत-टाक जाऊन बॉलपेने आली आणि माझ्या खुर्चीची वेताची बैठक चार वेळा नव्याने विणून घ्यावी लागली. परंतु त्या बैठकीच्या वरच्या बाजूस जे काही होते, त्याची एकही तक्रार आवक बारनिशीस दाखल झाली नाही. साहजिकच, मनुष्यदेहाचा हा भाग परमेश्वराने बसण्याच्याच कामी नेमलेला आहे अशी माझी दृढ समजूत होती. ती समजूत माझ्या भाच्याने दूर केली. तो वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात आहे, मनुष्याची हाडे उशीच्या अभ्र्यात घालून घरी आणतो, आणि जेवणाच्या वेळी त्यांच्याविषयी बोलतो.

“मामा,” तो म्हणाला, “तुम्ही ज्याच्यावर बसता असं समजता ना, त्याच्यावर तुम्ही बसतच नाही.”

मग त्याने अभ्र्यातून आसनास्थी नावाचे हाड काढून पानाशेजारी ठेवले आणि मला असे समजावले की मनुष्य उभा असतो तेव्हा या हाडाच्या खालच्या गोल उंचवट्यावर नितंबाचा मोठा स्नायू पांघरुणासारखा पसरलेला असतो. परंतु बसताना मांडी पुढे वळली की तोच स्नायू हळूच वर सरकतो, आणि देहाचा सारा भार दोन हाडांवर व त्यांच्याखालच्या चरबीच्या गादीवर येऊन पडतो. तात्पर्य, ज्या इसमास मी 33 वर्षे खुर्चीचा कायम अधिकारी समजत आलो, तो इसम मी बसताक्षणीच रजेवर जात होता, आणि कामाचा बोजा हाताखालच्या दोन माणसांवर टाकीत होता. ज्यांनी कचेरीत दिवस काढले आहेत त्यांना या वर्तणुकीत नवे काही दिसणार नाही.

या प्रदेशास नेमके काय म्हणावे, हीही एक अडचणच आहे. मराठी मनुष्य सभ्य असला की त्याच्या देहात बरगड्यांपासून गुडघ्यांपर्यंत केवळ एक कंबर असते; दवाखान्यात जाऊन तो ‘कंबर धरली आहे’ असे तोंडाने सांगतो, आणि हात मात्र भलत्याच ठिकाणी ठेवून दाखवतो. नितंब हा शब्द संस्कृत कवींनी नायिकांच्या नावे कायमचा इनाम करून दिल्यामुळे सेवानिवृत्त अव्वल कारकुनाने तो स्वतःस लावणे म्हणजे परक्याच्या जमिनीत नांगर घालण्यासारखे आहे. कुल्ला हा कंपाउंडरच्या तोंडी शोभतो, तोही सुई हातात असताना. बूड हे भांड्यास असते. आणि खुबा हा नुसता सांधा झाला. उरता उरला ‘बैठक’ हा निरुपद्रवी शब्द. पण त्याचीही गंमत पाहा. दिवाणखान्यात बैठक घातली म्हणजे चार माणसे येऊन बसतात आणि लवकर उठत नाहीत. तालमीत मात्र ज्याने शंभर बैठका मारल्या तो वास्तविक शंभर वेळा उठलेला असतो. आणि हाच व्यवहार शाळेत दोन्ही कान धरून केला तर त्यास उठाबशा म्हणतात व त्याचे श्रेय मास्तरांच्या खाती जमा होते. बसण्यास मेहनत लागतच नाही, वजन आपले आपण खाली येते. मेहनत आहे ती उठण्यात, आणि परमेश्वराने नेमणूक केली आहे ती त्या कामी.

भाच्याचे इंग्रजी ग्रंथ मला झेपणारे नव्हते, म्हणून मी माझ्या परीने सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान भाषांतरासह उघडले, आणि दप्तर म्हणजे काय ते तेथे पाहावयास मिळाले. सुश्रुताचार्यांनी मनुष्यदेहात 500 पेशी मोजल्या आहेत. पैकी 400 हातापायांत, 66 धडात आणि 34 मानेपासून वरच्या भागात. (पेशी म्हणजे आपण हल्ली ज्याला स्नायू म्हणतो ते, सुश्रुताचा स्नायू निराळा असून त्याचा आकडा 900 आहे. मधल्या काळात केव्हातरी या शब्दांच्या बदल्या झाल्या, आणि पेशी तर पुढे इतकी बारीक झाली की ती आता सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहावी लागते.) एकेका पायास 100 पेशींची तैनात असून तपशील असा: पाच बोटांस दर बोटी तीनप्रमाणे 15, पाऊल व घोटा मिळून 30, घोटा आणि गुडघा यांच्या दरम्यान 20, गुडघ्यात 5, मांडीत 20, जांघेत 10. मी बेरीज दोनदा ताळून पाहिली, बरोबर येते. एका पायाची आजच्या शास्त्राची मोजणी यापेक्षा बरीच कमी भरते, पण पक्का तपशील देणाऱ्या माणसाविषयी मला उपजतच आदर आहे.

या हिशेबात एका नोंदीने मात्र माझे लक्ष वेधून घेतले. नितंबाच्या पेशी, दोन्ही बाजूंस पाच-पाच, सुश्रुताने पायांच्या खाती न घालता धडाच्या खाती जमा धरल्या आहेत. पाश्चात्त्य शारीरशास्त्रज्ञ त्यांना सहसा पायांच्या खाती धरतात. दोन तालुक्यांच्या शिवेवर जे गाव असते त्याची अशी कुतरओढ मी नोकरीत पुष्कळ पाहिली आहे. पाणीपट्टी एकीकडे, वतनाचे कागद दुसरीकडे, आणि पाटील दोन्हीकडे हात जोडणारा. भाच्याने सांगितले की मोठा नितंबस्नायू कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेपासून थेट माकडहाडापर्यंत उगम पावतो आणि खाली मांडीच्या हाडाला व मांडीच्या बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या एका जाड पट्ट्याला जाऊन चिकटतो. म्हणजे राहावयास धडात आणि नोकरीस मांडीवर. अशा इसमास रहिवासाचा दाखला कोणत्या गावचा द्यावयाचा, हा प्रश्न माझ्यापुढे आला असता तर मी शेरा मारून कागद वर पाठवला असता.

या मुलखात एकंदर तीन घराणी नांदतात. लॅटिन भाषेत त्यांना ग्लुटियस मॅक्सिमस, मीडियस आणि मिनिमस म्हणतात. आपल्याकडच्या संस्थानी भाषेत थोरली, मधली आणि धाकटी पाती म्हणावे. पैकी थोरली पाती ही देहातील सर्वांत मोठी पेशी, आणि स्वभावाने सरदार. सपाट रस्त्यावर संथ चाल चालली असता ती जवळजवळ स्वस्थ असते. किरकोळ कामास हात लावणे तिच्या इतमामास शोभत नाही. जिना चढावयाचा, टेकडी चढावयाची, धावावयाचे, किंवा खाली बसलेला देह वर उचलावयाचा असेल तेव्हाच ती मांडीस मागे खेचून धड ताठ करते. वानरकुळातील आपले चुलते दोन पायांवर उभे राहण्याच्या फंदात फारसे पडले नाहीत, म्हणून त्यांच्यात हा स्नायू त्या मानाने बेताचाच आहे. तो थोर झाला आहे तो आपल्यात. मनुष्याच्या श्रेष्ठत्वाचे प्रमाण आजवर मस्तकात शोधले गेले. शोध घेणारे सगळे बसलेले होते, हेही त्याचे एक कारण असू शकेल.

पर्वतीच्या 103 पायऱ्या मी लहानपणी वडिलांच्या पुढे धावत चढत असे. अलीकडे चाळिसाव्या पायरीच्या सुमारास पुण्याचा देखावा पाहण्याची मला अनिवार इच्छा होते, साठाव्या पायरीशी ती पुन्हा होते, आणि ऐंशीच्या पुढे तर मला निसर्गाविषयी इतकी आस्था उत्पन्न होते की मागून येणारी मंडळी मला वळसा घालून जातात. देवदेवेश्वराचे दर्शन थोरल्या पातीच्या मर्जीवर अवलंबून आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

मुंजीनंतर चौथ्या दिवशी आमच्या पेठेतील डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्रथम मला टेबलावर पाय लोंबकळते ठेवून बसवले आणि गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीने टिचकी मारली. त्यासरशी माझ्या पायाने, मला काही एक न विचारता, डॉक्टरांच्या दिशेने लाथ झाडली. मी क्षमा मागू लागलो तेव्हा ते म्हणाले, “नाना, क्षमा कसली? चांगली खूण आहे.” मांडीच्या पुढच्या बाजूचे चौघे स्नायू वाटीतून खाली नडगीस बांधलेले असतात; तो बंध हातोडीने ताणला की खबर कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तेथूनच हुकूम परत येतो; मेंदूस ते मागाहून कळते. हा प्रकार 1875 साली एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी, एकमेकांवर विसंबून न राहता, एकाच वर्षी प्रसिद्ध केला. मला आश्चर्य वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. हुजूरकडे कागद न पाठवता तालुक्याच्या ठिकाणीच निकाल लागतो, आणि तोही डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, अशी कचेरी माझ्याच देहात चालू असताना मी दुसऱ्या कचेरीत 33 वर्षे काढली.

त्यानंतर त्यांनी मला पाठमोरे उभे केले, धोतर सावरून धरावयास सांगितले आणि एका पायावर उभे राहण्याची आज्ञा केली. डाव्या पायावर मी बरा उभा राहिलो. उजव्या पायावर उभा राहताच माझ्या कमरेची डावी बाजू, पावसाळ्यात भिंत खचावी तशी, खाली आली. “ट्रेंडेलेनबर्ग,” डॉक्टर समाधानाने म्हणाले. हे रोगाचे नाव असावे असे वाटून मी घाबरलो. पण ते एका जर्मन शल्यवैद्याचे आडनाव निघाले. फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्गने 1895 साली ही खूण वर्णिली. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा त्याच बाजूची मधली आणि धाकटी पाती कमरेचे हाड बाहेरून ओढून धरतात, म्हणून अधांतरी राहिलेली दुसरी बाजू पडत नाही. त्या दोघी दुबळ्या झाल्या की दुसरी बाजू ढासळते आणि तोल साधण्यासाठी मनुष्य दर पावलास दुबळ्या बाजूकडे अंग झुकवीत, बदकासारखा डुलत चालतो.

“पण एका पायावर उभा राहतोय कोण, डॉक्टर?” मी विचारले. “मी काय बगळा आहे?”

“तुम्ही चालता ना?” ते म्हणाले. “मग दिवसभर दुसरं काय करता?”

विचार करता ते खरे निघाले. चालणे म्हणजे आळीपाळीने एका पायावर उभे राहणे. दोन्ही पावले एकाच वेळी भुईस टेकलेली असतात असा काळ चालण्यात फार थोडा. तेव्हा थोरली पाती जिने चढण्याच्या गोष्टी सांगत स्वस्थ बसलेली असताना घरचा रोजचा गाडा हाकतात त्या मधली आणि धाकटी. एकत्र कुटुंबात जे वाढले आहेत त्यांना हे अधिक विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. घरी येऊन मी हा निर्णय सौभाग्यवतींस ऐकवला, तेव्हा त्या म्हणाल्या, “बदकाचं मी गेल्या दिवाळीतच म्हटलं होतं, पण मी काही जर्मन नाही.” माझ्या मनात मात्र वेगळाच विचार घोळत होता. ज्या डुलत्या चालीवर आपल्या कवींनी गजगती, हंसगती अशा उपमा शतकानुशतके उधळल्या, तीत खरा विलास किती आणि मधल्या पातीचा दुबळेपणा किती, याची कोणी तरी चौकशी करावयास हवी होती. मूर्तींचेही तसेच. मुरलीधर एका पायावर भार देऊन, दुसरा पाय तिढा घालून, त्रिभंगात उभा असतो. त्याची मधली पाती अक्षय तारुण्याची असल्यावाचून हे जमणार नाही. पंढरीचा विठोबा समचरण उभा आहे, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, वर कमरेस हात. अठ्ठावीस युगे उभे राहावयाचे ठरवून आलेल्याने पत्करण्याजोगा पवित्रा हाच.

काठीचा प्रकार याहून लाजिरवाणा. मुंजीपूर्वीच सहा महिने मी काठी वापरीत होतो, आणि दुखते उजवीकडे म्हणून ती उजव्या हातात धरीत होतो. नाटकांतले सगळे म्हातारे तशीच धरतात. डॉक्टरांनी ती काढून माझ्या डाव्या हातात दिली. उजवा खुबा दुबळा असला की पडावयास येते ती डावी बाजू. मग टेकू तिकडेच द्यावयास नको का? शिवाय टेकू खुब्यापासून जितका दूर तितके थोड्या जोरात काम भागते, हे बैलगाडीची जोखडकाठी ज्याने उचलली आहे त्यास कळते. मी सहा महिने उभ्या भिंतीस टेकू देत होतो आणि खचणारी भिंत तशीच सोडली होती.

आता राहिला पंगतीचा मूळ मुद्दा. मांडी घालून बसण्यास एका निराळ्याच स्नायूचे नाव जोडलेले आहे. त्यास सार्टोरियस म्हणतात. देहातील हा सर्वांत लांब स्नायू, फितीसारखा चपटा. कमरेच्या पुढच्या टोकापासून निघून मांडीवरून तिरका उतरतो व गुडघ्याच्या आतल्या बाजूने खाली नडगीच्या हाडास जाऊन मिळतो. मांडी वर घेणे, बाहेर फाकवणे, बाहेर वळवणे आणि गुडघा दुमडणे, ही चारही कामे तो करतो; आणि ही चार कामे एकदम केली की जे होते त्यास आपण मांडी घालणे म्हणतो. लॅटिनमध्ये सार्टोर म्हणजे शिंपी. तिकडे अशी बैठक शिंपी तेवढा घालीत असे, म्हणून स्नायूस त्याचे नाव मिळाले; बाकीचे लोक खुर्च्यांवर बसत. तोच शोध आपल्याकडे लागला असता तर त्यास काय नाव देणार? आपल्याकडे मांडी शिंपीही घालतो, सराफही घालतो, कीर्तनकार आणि श्रोते घालतात, सत्यनारायणास बसलेले दांपत्य घालते, आणि ‘मांडीला मांडी लावून बसतो’ म्हटले की सोयरिकीचे निम्मे काम झाले. मांडीच्या आतल्या अंगाचे आवळणारे स्नायूही आपल्याकडे कमी मानाचे नाहीत. घोड्यावर मांड ठोकली ती त्यांच्या बळावर, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाची विद्या ऊर्जितावस्थेस आणली, त्या गुळगुळीत खांबावर मल्ल उलटा लटकतो तो तळव्यांवर नव्हे, मांड्यांच्या पकडीवर.

परंतु मांडी घालून बसलेल्या मनुष्यास मांडी मोडून उठावे लागते, आणि येथे सार्टोरियस उपयोगी पडत नाही. उठण्याची क्रिया मी आता रोज पाहतो, म्हणून ती जरा जवळून सांगतो. खुर्चीवरच्या मनुष्याने उठावयाचे ठरवले की प्रथम पावले मागे ओढली जातात. मग धड पुढे झुकते, इतके की नाक पायाच्या अंगठ्यावर येते. मी हा नमस्कार इतकी वर्षे साहेबांसाठी घालीत होतो असे समजत होतो, पण तो देहाचा स्वतःचाच नियम आहे. झुकल्यामुळे भार आसनास्थीवरून पावलांवर येतो. आणि मग एका क्षणी, बैठक अजून खुर्चीपासून दोन बोटेसुद्धा सुटलेली नसताना, मांडीचे पुढचे चौघे आणि थोरली पाती मिळून ओढ घेतात. येथे एक चमत्कार घडतो. मांडीच्या मागच्या बाजूस तीन स्नायू आहेत. त्यांचे काम गुडघा दुमडण्याचे. पुढच्या चौघांचे काम गुडघा सरळ करण्याचे. उठताना हे दोन्ही पक्ष एकाच वेळी, आपापल्या दिशेने, जोर लावून ओढतात, आणि तरीही गुडघा अडून न बसता मनुष्य उभा राहतो. लोंबार्ड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1903 साली हे कोडे मांडले. उकल अशी की मागचे तिघे खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जातात. खुब्यापाशी त्यांना तरफ लांब मिळते, गुडघ्यापाशी आखूड. त्यामुळे त्यांचा विरोध गुडघ्यापाशी थोडका पडतो व खुबा सरळ करण्याच्या कामी त्यांची मदत पुष्कळ होते. दोन परस्परविरोधी शेरे असलेली फाईल मंजूर होऊन आलेली मी नोकरीत अनेकदा पाहिली होती. तिचे शास्त्रीय कारण मात्र आता कळले. या मागच्या तिघांचा खरा दिमाख पाहावयाचा तर कोणास ‘ढुंगणाला पाय लावून’ पळताना पाहावे. मराठी भाषेने एका वाक्प्रचारात टाच, गुडघा आणि बैठक यांचा संबंध इतका नेमका सांगितला आहे की भाच्याचा ग्रंथ त्यासाठी दोन पाने खर्च करतो.

माझ्या बाबतीत बिघाड नुसता मागे नव्हता, पुढेही होता. कण्याच्या कमरेकडच्या मणक्यांपासून निघून, पोटाच्या पाठीमागून, जांघेतून खाली उतरून मांडीच्या हाडास जाऊन मिळणारा सोआस नावाचा एक स्नायू आहे. बाहेरून तो कोणास दिसत नाही आणि बहुतेकांना तो आपल्याला आहे हेही मरेपर्यंत कळत नाही. मांडी वर उचलणे हे त्याचे काम. बसलेल्या मनुष्यात तो आखडलेला असतो, आणि वर्षानुवर्षे बसणाऱ्याच्या ठायी त्याला तीच सवय लागते. मग मनुष्य उभा राहिला तरी हा गृहस्थ कण्यास पुढे खेचून धरतो आणि नाव कमरेचे खराब होते. थोरली पाती रजेवर आणि सोआस जादा कामावर, असा हा 33 वर्षांचा कारभार.

डॉक्टरांनी एक सुई टोचली, तीही कुल्ल्याच्या वरच्या व बाहेरच्या चतकोरात. बाकीच्या भागांतून देहातील सर्वांत जाड मज्जातंतू मांडीत उतरतो, म्हणून कंपाउंडरांस हा चतकोर पढवलेला असतो. तो तंतू दुखावला की जी कळ पोटरीपर्यंत धावते तिला आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात. रोगी गिधाडासारखा चालतो म्हणून. बदक, हत्ती, हंस, बगळा आणि गिधाड. मनुष्याच्या चालीला मनुष्याची म्हणण्यास कोणी तयार नाही.

पोटरीविषयी मात्र मला ममत्व आहे. तिच्या वरच्या फुगीर स्नायूचे ग्रीक नाव फोडले तर ‘पायाचे पोट’ असा अर्थ निघतो, आणि आपल्या ‘पोटरी’तही पोट उघड दिसते, दोन हजार कोसांवरच्या दोन भाषांनी पाय पाहून एकच उपमा द्यावी, याचा मला आनंद झाला. पण त्या फुगीर स्नायूच्या खाली सोलियस नावाचा एक चपटा स्नायू आहे, आणि खरा राबता त्याचा. मनुष्य नुसता उभा असला तरी तो पुढे कोलमडू नये म्हणून हा सारा वेळ टाचेस धरून ओढत असतो, आणि तो आवळला की पायातले साचलेले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. मामलेदारांच्या दारापाशी जो शिपाई दिवसभर उभा असे, त्याच्याकडे पाहून मी कित्येक वर्षे म्हणत आलो की याला काही काम नाही. त्याचा सोलियस काम करीत होता. रात्री अडीच वाजता पोटरीत गोळा येतो तेव्हा मी अंथरुणावर उठून पायाचा अंगठा दोन्ही हातांनी नाकाकडे ओढतो आणि त्या शिपायाची आठवण काढतो.

डॉक्टरांनी दिलेला इलाज मी चिठ्ठीवर लिहून घेतला आहे. सकाळ-संध्याकाळ साध्या लाकडी खुर्चीवरून, हात छातीशी बांधून, दहा वेळा उठावयाचे. एका पायावर, भिंतीस बोट लावून, वीस आकडे मोजेपर्यंत उभे राहावयाचे. दर तासास खुर्ची सोडावयाची, कामाचे निमित्त असो वा नसो. काठी डाव्या हातात. पहिल्या आठवड्यात तीन वेळा उठणे झाले, दुसऱ्यात चार. आज सकाळी सात झाले, आठव्या वेळी खुर्चीचा हात धरावा लागला. भाचा समोर बसून, म्हणजे अर्थातच बसून, आकडे मोजत होता.

मार्गशीर्षात त्याच आप्ताच्या घरी लग्न आहे आणि पंगत पाटावरच आहे, असे पत्रिकेसोबत कळवण्यात आले आहे. यजमानांस आगाऊ विनंती की माझा पाट भिंतीलगत मांडावा, आणि मठ्ठ्याच्या दुसऱ्या वाटीचा आग्रह करू नये.